मृग लागला, पण दिसेना!

समजा, मे महिन्याची सुट्टी संपत आली आहे. शाळा उघडायला अजून आठ दिवस आहेत आणि तुम्ही गावीच आहात. जूनची ७ तारीख. सकाळी ओसरीवर बसून आजोबा पंचांग उघडतात, चष्मा सारखा करतात आणि म्हणतात, "चला, मृग लागला!"

एवढ्या तीन शब्दांनी घरात केवढी गडबड उडते! बियाण्याची पोती बाहेर निघतात. गोठ्यावरची कौलं चाळायची राहिली म्हणून काका धावपळ करतात. बांधावर लाल मखमली अंगाचे मृगाचे किडे दिसले का, याची चौकशी होते. सगळ्यांचे डोळे आभाळाकडे.

आता तुम्ही शहाणे. शाळेत नक्षत्रं शिकलेले. तुम्ही मनाशी म्हणता, मृग लागला ना? मग आज रात्री तो बघायलाच हवा! जेवणं झाल्यावर तुम्ही अंगणात जाता. नशिबानं आभाळ मोकळं आहे. पूर्वेला बघता, पश्चिमेला बघता, मान दुखेपर्यंत डोक्यावर बघता. सप्तर्षी दिसतात, स्वाती चमकते, चित्रा दिसते. पण मृगाचा पत्ता नाही! हट्टानं रात्री दोनला उठता, पहाटे चारला उठता. तरीही नाही.

"आजोबा, मृग लागला म्हणता, मग तो दाखवा की!"

आजोबा डोकं खाजवतात. "अरे पोरा, पाऊस बघायचा का चांदण्या मोजायच्या?"

मित्रांनो, इथे चुकलं कोण? पंचांग, आजोबा, की तुम्ही? गंमत अशी, की कोणीच चुकलेलं नाही. आणि हे कोडं सोडवायला बसलं, की आपली पृथ्वी कशी कशी हालते, याची सगळी गोष्टच हाती लागते.

आधी मृगाची ओळख

आकाशातलं सर्वांत सोपं नक्षत्र कोणतं, असं विचारलं तर मी मृगाचंच नाव घेईन. चार तारे चार कोपऱ्यांत, ते हरणाचे चार पाय. मधोमध एका ओळीत तीन तारे, तो हरणाच्या पोटात घुसलेला बाण. खेड्यापाड्यांत या तिघांना 'तिकांडं' म्हणतात. वरच्या बाजूला बारीक तीन ताऱ्यांचा पुंजका, ते हरणाचं डोकं, म्हणजेच मृगशीर्ष. चार पायांपैकी एक तारा तांबूस आहे, तो काक्षी. त्याच्या समोरच्या कोपऱ्यातला निळसर पांढरा तारा म्हणजे राजन्य. तिकांड्याची रेघ आग्नेयेकडे वाढवत नेली की एक लखलखीत तारा भेटतो. हाच बाण मारणारा शिकारी, व्याध! रात्रीच्या आकाशातला हा सर्वांत तेजस्वी तारा. तीच रेघ उलट बाजूला नेली की तांबूस रोहिणीच्या जवळ पोचता येतं.

एकदा ओळख झाली, की शहरातल्या दिव्यांच्या झगमगाटातही मृग सापडतो. आणि असा हा ठसठशीत मृग, स्वतःच्याच मुहूर्तावर गायब!

पहिली हालचाल : गिरकी

पृथ्वी स्वतःभोवती फिरते, हे तर पहिली-दुसरीतली मुलंही सांगतील. पण ती किती वेगानं फिरते, ठाऊक आहे? विषुववृत्तावरचा माणूस तासाला सुमारे १६७० किलोमीटर वेगानं पूर्वेकडे चाललेला असतो. पुण्याचा वेग थोडा कमी, तासाला सुमारे १५८० किलोमीटर. म्हणजे हा लेख वाचता वाचता तुम्ही दोन-तीनशे किलोमीटर पुढे गेलात! धक्का बसत नाही, कारण घर, अंगण, हवा, झाडं, सगळेच आपल्याबरोबर त्याच वेगानं निघालेले असतात.

आपण पूर्वेकडे जातो, म्हणून तारे पश्चिमेकडे सरकताना दिसतात. आर्यभटानं ही गोष्ट फार सुंदर समजावून दिली आहे. इसवी सन ४९९ मध्ये, वयाच्या अवघ्या २३व्या वर्षी त्यानं ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो की, नावेत बसून पुढे जाणाऱ्याला काठावरची झाडं मागे जाताना दिसतात, तसेच आपल्याला स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. एसटीच्या खिडकीतून विजेचे खांब मागे पळताना तुम्ही पाहिलेत ना? तेच हे!

एका गिरकीत आपण चारही बाजूंचं आकाश पाहतो. मग रात्रभर जागलं तर सगळी नक्षत्रं दिसायला हवीत. मृगही दिसायला हवा. दिसत नाही, याचा अर्थ तो रात्रीच्या वाट्याला आलेलाच नाही. तो दिवसाच्या वाट्याला गेला आहे!

असं कसं झालं? त्यासाठी अंगणात चला.

दुसरी हालचाल : तुळशीची प्रदक्षिणा

अंगणाच्या मध्यावर तुळशीवृंदावन आहे असं धरा. त्यावर एक झगझगीत दिवा ठेवा. हा आपला सूर्य. अंगणाच्या एका बाजूला गोठा आहे, समोरच्या बाजूला विहीर. उरलेल्या दोन बाजूंना पडवी आणि आंब्याचं झाड. ही झाली लांबची नक्षत्रं. गोठ्याला आपण मृग म्हणू. आणि पृथ्वी कोण? तुम्ही स्वतः!

आता विहिरीच्या बाजूला उभे राहा. दिव्याकडे तोंड करा. हा तुमचा दिवस. दिव्यामागे बरोबर गोठा आहे, पण दिव्याच्या झोतापुढे तो दिसतच नाही. आता पाठ फिरवा. ही तुमची रात्र. आता समोर विहीर दिसेल, गोठा पाठीमागे गेला. जागच्या जागी कितीही गिरक्या घ्या, या ठिकाणाहून गोठा काही रात्री दिसणार नाही.

मग तुळशीला अर्धी प्रदक्षिणा घालून गोठ्याच्या बाजूला या. इथे पाठ दिव्याकडे केली की गोठा समोर दिसतो!

बस्स, एवढंच कोडं होतं. पृथ्वी वर्षभरात सूर्याला एक प्रदक्षिणा घालते, तीही सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगानं. जूनमध्ये ती अशा जागी असते की मृग सूर्याच्या बाजूला असतो. तो सूर्याबरोबर उगवतो आणि सूर्याबरोबर मावळतो. भर दुपारी डोक्यावर येतो, पण उन्हाच्या झोतात दिसत नाही. आणि पंचांगातल्या 'मृग लागला' या शब्दांचा अर्थ नेमका तोच आहे : सूर्य मृग नक्षत्राच्या भागात आला. म्हणजे पंचांग सांगतं सूर्याबद्दल, आणि तुम्ही शोधत होतात रात्री!

सूर्याच्या वाटेचे आपल्या पूर्वजांनी २७ सारखे भाग केले आणि त्यांना नक्षत्रांची नावं दिली. एक भाग ओलांडायला सूर्याला साडेतेरा दिवस लागतात. मृगानंतर आर्द्रा, मग पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त... शेतकऱ्याच्या तोंडी असलेली ही सगळी पावसाची नक्षत्रं म्हणजे त्या त्या वेळी सूर्य जिथे असतो ती नक्षत्रं. म्हणूनच ती त्या दिवसांत रात्री कधीच दिसत नाहीत.

मग मृग रात्रभर दिसतो तरी केव्हा? बरोबर सहा महिन्यांनी, डिसेंबरात. त्या महिन्याचं मराठी नाव आठवा : मार्गशीर्ष! पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या नेमका समोर असतो. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला तो मृगशीर्षाच्या आसपास असतो, म्हणून महिन्याचं नाव मार्गशीर्ष. ही पौर्णिमा म्हणजे आपली दत्तजयंती. त्या रात्री देवळातून परत येताना वर बघा. चंद्राच्या जवळपासच तिकांडं दिसेल. जूनमध्ये सूर्य मृगापाशी आणि दत्तजयंतीला चंद्र मृगापाशी. तुळशीची अर्धी प्रदक्षिणा झाली!

चार मिनिटांचा हिशेब

आता थोडं गणित. घाबरू नका, सोपं आहे.

पृथ्वीची गिरकी २४ तासांची, असं आपण म्हणतो. पण ताऱ्यांच्या हिशेबानं ती २३ तास ५६ मिनिटं आणि ४ सेकंदांतच पूर्ण होते. (आर्यभटानं दिलेल्या आकड्यांवरून काढलेला वेळ याच्याशी एका सेकंदाच्याही आत जुळतो!) मग वरची चार मिनिटं कुठून आली? गिरकी पूर्ण होईपर्यंत पृथ्वी सूर्याभोवती सुमारे एक अंश पुढे सरकलेली असते. सूर्य पुन्हा समोर यायला तिला आणखी एक अंश वळावं लागतं. ३६० अंशांना २४ तास, तर एका अंशाला किती? चार मिनिटं!

आपली घड्याळं सूर्याच्या हिशेबानं चालतात. त्यामुळे कोणताही तारा आज ज्या वेळी उगवला, त्याच्या चार मिनिटं आधी उद्या उगवतो. एका दिवसात हे कळतही नाही. पण महिन्यात चार गुणिले तीस, म्हणजे तब्बल दोन तास! वर्षभरात चोवीस तास, म्हणजे हिशेब पुन्हा मूळ जागी.

मृगाचं वेळापत्रकच बघा ना. जुलैच्या मध्यावर तो पहाटे साडेचारच्या सुमारास उगवतो (पण ढग त्याला दिसू देतील तर शपथ!). ऑगस्टच्या मध्यावर अडीचला, सप्टेंबरात मध्यरात्रीनंतर साडेबाराला, ऑक्टोबरच्या मध्यावर रात्री साडेदहाला, नोव्हेंबरात साडेआठला. आणि डिसेंबरच्या मध्यावर संध्याकाळी साडेसहाला, दिवेलागणीच्या वेळी तो पूर्वेला हजर होतो आणि रात्रभर मुक्काम करतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री साडेनऊच्या सुमारास तो डोक्यावर, जरासा दक्षिणेला दिसतो. पुढे तो पश्चिमेकडे कलत जातो. मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतर संधिप्रकाशात बुडतो आणि जूनमध्ये सूर्याच्या आड. मग पंचांग म्हणतं, मृग लागला!

तिसरी हालचाल : भोवऱ्याचं डुलणं

इथे गोष्ट संपली असं वाटेल. पण खरी गंमत पुढेच आहे.

भोवरा फिरवलाय ना? जोरात फिरत असताना तो ताठ असतो. वेग जरा कमी झाला की तो स्वतःभोवती फिरता फिरता डुलायला लागतो. त्याचं डोकं हवेत सावकाश एक गोल काढतं. आपली पृथ्वीही अशीच डुलते! ती साडेतेवीस अंशांनी कललेली आहे, आणि मधोमध जराशी फुगलेलीही. विषुववृत्तापाशी तिचा व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटरनं जास्त आहे. या फुगवट्यावर चंद्र आणि सूर्य ओढ लावतात, आणि पृथ्वीचा आस सावकाश गोल फिरतो. किती सावकाश? एक फेरी पूर्ण व्हायला सुमारे २५,८०० वर्षं! या हालचालीला परांचन म्हणतात.

याचा मृगाशी काय संबंध? पुन्हा तुळशीपाशी चला. आता प्रदक्षिणा घालताना अंग एका बाजूला थोडं कलतं ठेवा, समजा गोठ्याच्या दिशेनं. विहिरीपाशी असताना तुम्ही दिव्याकडे झुकलेले असाल. तो उन्हाळा. गोठ्यापाशी याल तेव्हा दिव्यापासून दूर झुकलेले असाल. तो हिवाळा. ऋतू या कलण्यामुळेच होतात. आता हे कलणंच जर दर फेरीला केसभर दिशा बदलत गेलं, तर? उन्हाळा विहिरीपाशी न येता हळूहळू दुसरीकडे येऊ लागेल. म्हणजे ऋतू आणि नक्षत्रं यांची ताटातूट होईल!

ती होतेच आहे. दर ७२ वर्षांना सुमारे एक दिवस, या संथ चालीनं. याचा पुरावा तिळगुळाच्या डब्यातच आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीच्या दिवशी झाला, आणि तारीख होती १२ जानेवारी १८६३. आता संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरला. सुमारे १७०० वर्षांपूर्वी ते वळणं आणि संक्रांत एकाच वेळी होत असत. आज त्यांच्यात तीन आठवड्यांहून जास्त अंतर पडलं आहे.

मृगाचंही तसंच. आज तो ७ किंवा ८ जूनला लागतो. दीड हजार वर्षांपूर्वी, आर्यभटाच्या काळी, तो आजच्या तारखांप्रमाणे मेच्या मध्यावर लागत असे. आणखी २००० वर्षांनी तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागेल. आणि सुमारे १३,००० वर्षांनी? ऐन डिसेंबरात! आपण रजया घेऊन बसणार आणि पंचांग म्हणणार, मृग लागला!

पाऊस मात्र नक्षत्रांमागून जाणार नाही. तो येतो जमीन तापल्यामुळे. उन्हाळ्यात उत्तर गोलार्ध सूर्याकडे कलतो, जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, आणि समुद्रावरून ओलं वारं धावत येतं. मोसमी पाऊस साधारणपणे केरळात १ जूनला आणि मुंबईत ११ जूनच्या सुमारास पोचतो. मृगाचा आणि पावसाचा मेळ हा आपल्या काळातला एक योगायोग आहे!

या डुलण्यानं अढळ ध्रुवालाही सोडलेलं नाही. आज पृथ्वीचा आस ध्रुवताऱ्याच्या अगदी जवळ रोखलेला आहे, म्हणून तो एका जागी स्थिर दिसतो. पण सुमारे पावणेपाच हजार वर्षांपूर्वी हा मान ठुबान नावाच्या अंधूक ताऱ्याचा होता, आणि आणखी सुमारे १२,००० वर्षांनी तो तेजस्वी अभिजितकडे जाईल. अढळपदसुद्धा पाळीपाळीनं!

याच डुलण्याचा घड्याळासारखा उपयोग लोकमान्य टिळकांनी करून पाहिला. मृगावर त्यांनी एक अख्खा इंग्रजी ग्रंथ लिहिला, 'ओरायन'. तो १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवस-रात्र सारखी होते त्या वसंत ऋतूतल्या दिवशी सूर्य मृगापाशी असायचा, असे उल्लेख आपल्या प्राचीन ग्रंथांत आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. तसं असेल तर तो काळ इसवी सनापूर्वी सुमारे ४००० वर्षांचा ठरतो. त्यांचं म्हणणं सर्व विद्वानांना पटलं नाही. पण आकाशाकडे बघून इतिहासाची तारीख शोधायची, ही कल्पना केवढी धाडसी!

मग आजोबांचं काय?

आजोबांच्या आजोबांपासून आजपर्यंत मृगाची तारीख फार तर दोन दिवस हलली असेल. म्हणून त्यांचा आडाखा पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडला. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही पेरणीची तयारी केव्हा करायची, हे त्यानं सांगितलं. हे काही थोडंथोडकं नाही.

पण मृग लागला म्हणजे पाऊस आलाच, असं नाही. एखादी सर पडते, घाईनं पेरणी होते, मग पाऊस दडी मारतो आणि कोंब जळून जातात. दुबार पेरणी म्हणजे बियाण्याचा खर्च दुसऱ्यांदा, आणि अनेकदा तो कर्ज काढून. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जमिनीत पुरती ओल झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं सांगतं. मृगानं तयारीला लावावं, पण पेरणी ठरवावी जमिनीतल्या ओलीनं. आजोबाही शेवटी ढेकूळ हातात घेऊन, फोडून बघतातच की!

तुम्ही काय कराल?

एक जुनी वही घ्या. वर लिहा, 'माझं आकाश'. गच्चीत किंवा अंगणात एक जागा ठरवा. तिथून एखादं झाड, टाकी किंवा शेजारच्या घराचं टोक दिसेल असं बघा. थंडीत तिकांडं त्या टोकाला किती वाजता टेकतं, ते लिहून ठेवा. आठ दिवसांनी त्याच जागी उभं राहून पुन्हा बघा. अर्ध्या तासाचा फरक पडला पाहिजे. पडला, तर पृथ्वी सूर्याभोवती फिरते याचा पुरावा तुम्ही स्वतः, कुठलीही दुर्बीण न वापरता मिळवलात!

भोवऱ्याचं डुलणं पाहायला मात्र एक जन्म पुरायचा नाही. त्यासाठी वहीत दरवर्षी संक्रांतीची आणि मृगाची तारीख नोंदवा, आणि ती वही सांभाळून ठेवा. तुमच्या नातवंडांच्या उपयोगी पडेल. ती जूनमधल्या एखाद्या रात्री अंगणातून धावत येतील आणि विचारतील, "आजी, मृग लागला म्हणतेस, मग तो दाखव की!"

तेव्हा तुम्ही त्यांना घेऊन तुळशीपाशी जा.